येतो म्हणणारा कुंभार

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. बाळांनो, जवळ सरका. मोठ्यांनीही बसावं, गोष्टीला वयाची अट नसते.

माळावरच्या एका गावात एक तरुण कुंभार राहत होता. गावची चांगली माती संपली. उरली ती खडीची; तिची मडकी भट्टीत तडकायची. मग कुंभारानं ज्वारीच्या पिठाची पिशवी बांधली, लसणाची चटणी घेतली आणि डोंगरापलीकडच्या तळ्यांच्या देशाला निघाला.

बायको लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तो म्हणाला, "माती मिळाली की तुम्हाला न्यायला येतो."

"आणि नाही मिळाली तर?"

"तरी येतोच की."

तळ्यांचा देश पाहून कुंभार हरखून गेला. पाण्यात खांब रोवून बांधलेली घरं. शेजारी जायचं तरी होडीतून. आणि काठाची माती म्हणजे लोणी. त्यानं मूठभर घेतली, दाबली, आणि एकटाच हसत सुटला. आता लेक इथंच वाढेल, त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

गावचा पाटील म्हणाला, "खुशाल राहा. गावाबाहेर भट्टी लाव. पण परक्याला इथं चूल मांडता येत नाही. होड्यांच्या सणाला गाव जमतो. त्या दिवशी ज्या घरचा विस्तव तुला मिळेल, त्या घरचा तू. कुणीच दिला नाही, तर चाक उचलायचं आणि आल्या वाटेनं जायचं."

"मिळेल की," कुंभार म्हणाला. त्याला सगळं सोपंच वाटत होतं.

त्यानं तिथली भाषा भराभर उचलली. घरोघरी मडकी देऊ लागला. लोक प्रेमळ होते. जो तो म्हणायचा, "बस, दोन घास खा."

पण जेवण होतं आंबवलेल्या मासळीचं. वास असा, की आमच्या कुंभाराचे डोळे पाणवायचे. त्यातून सगळं घर एकाच परातीत हात घालून जेवायचं. लहानपणापासून त्याला शिकवलेलं, कुणाचं उष्टं खाऊ नये. मग तो हात जोडायचा. "आज पोट भरलंय. बरं, येतो." आणि भट्टीपाशी येऊन निखाऱ्यावर आपली भाकरी भाजायचा.

निघताना 'येतो' म्हणायचं, ही आपली रीत. ती त्यानं त्यांच्या भाषेत जशीच्या तशी नेली होती.

हळूहळू काहीतरी बिघडलं. लोक मडकी घेईनात. त्याला पाहून बाया दार ओढून घेऊ लागल्या. पोरं होडीतून ओरडायची, "ए येतो, येतो, कधी येतो?" कुंभाराला वाटलं, पोरं आपली लाडानं चिडवतात. तोही हसायचा.

सण जवळ आला. एका संध्याकाळी तो भाकरी थापत होता, तेव्हा काठावरच्या म्हातारीची मांजर त्याच्यासमोर येऊन बसली. त्या काळी मांजरं बोलायची. आता बोलत नाहीत, कारण आपण ऐकत नाही.

मांजर म्हणाली, "काय रे थापाड्या, भाकरी गोड लागते का?"

"मी काय थापा मारल्या, मनीबाई?"

"रोज म्हातारीला येतो म्हणतोस. आमच्या गावात येतो म्हटलेला माणूस येईपर्यंत घरातलं कुणी जेवत नाही. चूलही विझवत नाहीत. ती म्हातारी डोळे लागेपर्यंत परातीपुढं बसून असते. ती जेवली नाही, की मला काटे मिळत नाहीत. माझ्या फासळ्या बघ."

कुंभाराच्या हातातली भाकरी तिथंच राहिली. "अगं, पण आमच्याकडे निघताना सगळेच येतो म्हणतात."

"आमच्याकडे निघणारा 'निघालो' म्हणतो. आता बोलत बसू नकोस. चटणी असेल तर घे, आणि चल."

म्हातारी खरंच परातीपुढं बसली होती. कुंभारानं तिचे पाय धरले. "आजी, चुकलो. आमच्याकडे घर सोडताना 'जातो' म्हणत नाहीत. जातो म्हटलं की आईचं काळीज हलतं. म्हणून मी येतो म्हणायचो."

म्हातारीनं विचारलं, "म्हणजे तू जातानाच येतो म्हणत होतास?"

"हो, आजी."

"भलताच देश तुमचा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "बस आता. हात धू."

पहिला घास त्यानं डोळे मिटून गिळला. दुसऱ्याला आंबटपणा जिभेला लागला. तिसऱ्या घासाला त्यानं लसणाची चटणी त्यात कालवली, आणि काय सांगू, बाळांनो, त्याच्या अंगात हुशारी आली. "आजी, आणखी वाढा." म्हातारीनंही चटणीचं बोट चाटलं. तिला जी उचकी लागली ती थांबेना. उचक्या देत देत ती म्हणाली, "आणखी दे." मांजरीला मात्र त्या दिवशी डोकं-शेपूट सगळं मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून कुंभार चटणी घेऊन घरोघर फिरू लागला. "येतो म्हटलं होतं, आलो," असं म्हणून परातीशी मांडी घालायचा. लोक आधी रागवायचे, मग हसायचे, मग सरकून जागा करायचे. एकच दार उघडलं नाही, नावाड्याचं. कुंभार रोज तिथं जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा.

होड्यांचा सण उजाडला. होड्यांना फुलं बांधली होती, ढोल वाजत होते. म्हातारी खापरात विस्तव घेऊन पुढं आली. पाटलानं विचारलं, "कुणाची हरकत?"

नावाडी उठला. "माझी आहे. याच्या येतोपायी माझी लेक उपाशी झोपली. असल्याला गावात घेऊ नका."

ढोल थांबले. एकाची जरी हरकत असली, तरी विस्तव देता येत नसे. कुंभाराच्या डोळ्यांपुढं त्याची स्वतःची लेक उभी राहिली.

"खरं आहे," तो म्हणाला. "रीत माहीत नव्हती, हे माझं कारण झालं. पोरीच्या पोटाला कारण कळत नाही."

नावाड्यानं त्याला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाला, "आज जेवायला ये. मग बघू."

"येतो," कुंभार म्हणाला.

सगळा गाव हसला. पण कुंभार हसला नाही. तो उठला आणि नावाड्याच्या इतक्या मागोमाग चालू लागला, की नावाड्याच्या टाचेवर त्याचा पाय पडला.

"अरे, जरा अंतर ठेव."

"नको, भाऊ. आता अंतर नको."

तिथं नावाडीही हसला. घरी त्याच्या लेकीनं मासळीचं डोकं परातीतून कुंभाराकडं सरकवलं. तिथं तो पाहुण्याचा मान. कुंभारानं तिनं चाखलेलं ते डोकं मिटक्या मारत खाल्लं. परत येऊन नावाड्यानं म्हातारीच्या खापरात आपल्या चुलीतला एक निखारा टाकला. कुंभाराची चूल पेटली.

मग तो बायको आणि लेकीला आणायला निघाला. निरोप द्यायला गाव काठावर आला. आता त्याला रीत ठाऊक होती. 'निघालो' म्हणायचं. पण त्याच्यानं ते म्हणवेना.

म्हातारी म्हणाली, "तुझं तू म्हण. आता आम्हाला कळतं."

"येतो, आजी."

"ये. चूल विझू देणार नाही."

पुढं बऱ्याच दिवसांनी, दिवेलागणीला, तो बायकोला आणि लेकीला घेऊन होडीतून उतरला. म्हातारीच्या घरातून धूर निघत होता. परात मांडलेली होती. दारात मांजर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "किती उशीर रे. चटणी आणलीस ना?"

तेव्हापासून त्या तळ्यांच्या देशातही निघणारा माणूस 'येतो' म्हणतो.

म्हणून सांगतो, परक्या गावी आपली चटणी जरूर न्यावी, पण आधी त्यांच्या परातीत हात घालावा. मगच ते गाव आपली वाट पाहतं.