दस्तगीरचा अंगठा

ऐका, ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कारंबवाडीच्या आसपास चार कोसांत एकच ट्रॅक्टर होता, हँडल मारून सुरू होणारा. तो चालायचा दस्तगीर मिस्त्रीच्या जिवावर.

इंजिनात ठिणगी वेळेवर पडावी लागते. आधी पडली तर हँडल उलटं फिरून हात मोडतं, उशिरा पडली तर इंजिन नुसतं खोकत राहतं. ती वेळ लावणं एकट्या दस्तगीरला यायचं. प्लग काढून तो भोकावर अंगठा ठेवायचा, हँडल हळूहळू फिरवायचा, आणि आतल्या वाऱ्यानं अंगठा उचलला की त्या खुणेवर ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बसवायचा. असं म्हणतात, की त्या अंगठ्याला दुसऱ्या गावच्या इंजिनातला वाराही कळायचा. पण माणूस आतल्या गाठीचा. हे काम तो अंगावर चादर घेऊन करायचा, सख्ख्या भावालाही बघू द्यायचा नाही.

एका पावसाळ्यात मॅग्नेटो सुटा करून तो पुसत बसला होता, आणि त्याच्या बायकोला, जैनबीला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. दवाखाना पाच कोसांवर. काळ्या मातीत बैलगाडीचं चाक फिरेना. तिला ट्रॉलीत निजवलं. घाईत दस्तगीरनं अंगठा ठेवलाच नाही, अंदाजानं मॅग्नेटो बसवला आणि हँडल मारलं. हँडल उलटलं. मनगटाचे दोन तुकडे झाले.

भोवती सारं गाव उभं होतं, पण पुढं काय करायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं. दस्तगीर कळवळत सांगत होता आणि माणसं चुकत होती.

"कुणाला तरी शिकवून ठिवायचं हुतं वो," ट्रॉलीतून जैनबी म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला जन्मभर लागून राहिलं.

इंजिन सुरू झालं तेव्हा उन्हं कलली होती. वाटेतल्या ओढ्याच्या अलीकडंच जैनबी गेली, पोटातल्या लेकरासकट.

दस्तगीरनं जैनबीचा चाळिसावा केला. मग त्यानं ट्रॅक्टर चावडीपुढं आणला, चादर फाडून हात पुसायला वाटली, आणि गावातल्या पोरीबाळी, सुना, म्हाताऱ्या सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, "या, अंगठा ठिवा."

असं म्हणतात, की त्याच्या अंगठ्याला पुन्हा कधी काही कळलं नाही, ना ऊन, ना गार. पण शिकणाऱ्याच्या अंगठ्याखाली वारा आला की इकडं दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी बघूनच लोक मॅग्नेटो बसवायचे, आणि असं म्हणतात, की ती वेळ एकदाही चुकली नाही.

आता गावाला डांबरी सडक आहे. तरी ते इंजिन कुणी गंजू दिलेलं नाही. नवी सून आली की घराआधी तिला तिथं नेतात. ती भोकावर अंगठा ठेवते, सासू हँडल फिरवते.

"कळलं?" सासू विचारते.

"कळलं."

मग दोघी जैनबीचं नाव घेतात आणि घरी जातात. दस्तगीरचं नाव तिथं कुणी घेत नाही. घेऊ नका, असं त्यानंच सांगून ठेवलं होतं.