बयोची धूळपाटी

एकदा एका पाठशाळेत एक मांजर म्हातारी झाली. या गोष्टीतल्या माणसांना नावे नाहीत. मांजरीला मात्र आहे. तिला सगळे बयो म्हणत. पाठशाळेच्या कोठारातले धान्य तिने जन्मभर उंदरांपासून राखले, आणि स्वतःचे देहधर्म कधी घरात केले नाहीत. अंगणात कण्हेरीखालची मऊ माती ही तिची ठरलेली जागा होती. उकरायचे, बसायचे, वर माती लोटायची आणि ताठ मानेने परत यायचे. अनेक माणसांना जमत नाही इतकी तिची रीत स्वच्छ होती.

त्या वर्षी एका धनिक व्यापाऱ्याने पाठशाळेचे अंगण संगमरवरी करून दिले. कण्हेर गेली, माती झाकली गेली. अंगण असे चकचकीत झाले की बयोचे पाय त्यावरून घसरू लागले. आणि त्यानंतर बयो कोठारात घाण करू लागली.

कोठाराची व्यवस्था आचार्यांच्या एका शिष्याकडे होती. हा शिष्य मूळचा गाडीवान. चांगल्या मिशा आल्यावर तो अक्षर शिकायला आला होता आणि आता इतरांना शिकवत होता. साहजिकच शिस्तीचे त्याला भारी वेड. त्याने बयोला मानगुटीला धरून घाणीपाशी नेले, तिचे नाक तिथे घासले आणि दरडावले. बयोने धडा घेतला. ती आता त्याची पाठ वळल्यावर, कणगीच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊ लागली.

दसऱ्याला शेटजी पाहुण्यांना घेऊन अंगण दाखवायला येणार होते. कोठारातला प्रकार त्यांच्या कानावर गेला. त्यांनी निरोप धाडला, "दसऱ्याच्या आत मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून द्यावी." तरुण मांजर नदीपलीकडून परतही येते. बयोला धड उंबरा ओलांडवत नव्हता. तिकडे सोडणे म्हणजे काय, हे निरोप देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही.

शिष्य आचार्यांकडे गेला. "गुरुजी, माझाही जीव तुटतो. पण तिचं वय झालं. सगळं विसरली ती. आता या वयात काय शिकणार?"

आचार्य म्हणाले, "पहार आण."

पहार आली. आचार्यांनी अंगणाच्या कडेची, जिथे कण्हेर होती तिथली, एक फरशी दाखवली. "ही उचल."

"गुरुजी, शेटजींची फरशी?"

"माती कुणाची आहे? उचल."

शिष्याने डोळे मिटल्यासारखे करून फरशी उखडली. खालची काळी भुसभुशीत माती आचार्यांनी स्वतः घमेल्यात भरली. मग म्हणाले, "आता तुझी धूळपाटी आण, आणि करवत."

येथे शिष्याच्या अंगाची लाहीलाही झाली. धूळपाटी म्हणजे चारी बाजूंनी कड असलेली लाकडी पाटी. तिच्यावर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर गिरवायचे. याच पाटीवर तो आयुष्यातले पहिले अक्षर शिकला होता. दर दसऱ्याला तो तिची पूजा करी, तिला झेंडू वाही.

"गुरुजी, मांजरीच्या घाणीसाठी माझी विद्येची पाटी?"

"होय. शिकायचं आहे तिला. मग शिकायची पाटी नको?"

आचार्यांनी पाटीची एका बाजूची कड करवतीने कापून टाकली. "तिचे गुडघे धरतात, माझ्यासारखेच. हिला पायरी नको." मग पाटीत माती पसरली आणि ती कोठारात कणगीच्या मागे, बयोने निवडलेल्याच कोपऱ्यात ठेवली. शिष्य धुमसत उभा होता. तेव्हा आचार्य खाली बसले आणि बोलले.

"तू इथे आलास तेव्हा गाव हसलं होतं. याच्या हातात कासराच शोभतो, म्हणालं. या वयात हा काय शिकणार, असंही म्हणालं. तुझा पहिला 'अ' पाटीची कड ओलांडून जमिनीवर गेला होता. मी तुझं नाक घासलं का?"

"नाही."

"काय केलं?"

"हाताने धूळ सारखी केलीत. म्हणालात, पुन्हा काढ."

"मग हिचं नाक का घासलंस? त्यातून ती एवढंच शिकली, की तुझ्यापासून लपायचं. आणि ती विसरलेली काही नाही रे. ती माती शोधते आहे. माती आपण झाकली, झाड आपण तोडलं आणि वर म्हणतो, म्हातारी बिघडली. मला याचा राग येतो. माझंही वय झालं आहे. उद्या माझी वाट कुणी गुळगुळीत केली आणि मी पडलो, तर मलाही पोत्यात घालणार का?"



बयो आली. पाटी हुंगली, आणि पाटीच्या बाहेर, अगदी कडेला लागून, कार्यभाग उरकला.

"पाहिलंत?" शिष्य म्हणाला.

"पाहिलं. वीतभर चुकली. तुझा 'अ' याहून लांब गेला होता." आचार्यांनी खापराने ती घाण उचलून पाटीतल्या मातीवर ठेवली. "वास राहू दे. तिला कळू दे की ही जागा तिची आहे. जमीन मात्र धुऊन काढ. आणि रागावू नकोस, तेवढंच तुझं काम."

रागावायचे नाही, हेच शिष्याला सगळ्यात कठीण गेले. बयो कधी पाटीत दोन पाय ठेवी आणि बाहेर बसे, कधी नुसती माती उकरून निघून जाई. तो दात आवळून जमीन पुसत राहिला. दसरा उजाडला तरी बयोला जमले नव्हते.

शेटजी पाहुण्यांसह आले. एक माणूस हातात रिकामे पोते घेऊन मागे होता. उखडलेली फरशी पाहून शेटजींचा चेहरा लाल झाला. "हे कुणी केलं?"

"मी सांगितलं," आचार्य म्हणाले.

"पहार माझ्या हातात होती," शिष्य म्हणाला.

"ते मागाहून पाहू. मांजर कुठे आहे?" पोतेवाला कोठाराकडे वळला. शिष्य दारात जाऊन उभा राहिला. गाडीवानाचे दणकट अंग; त्याने दार पुरते भरून गेले.

"शेटजी, ती इथे शिकते आहे. शिकणाऱ्याला या पाठशाळेतून बाहेर काढायची रीत नाही. मलाही काढलं नव्हतं."

"आणि शिकलीच नाही तर?"

"तर पाटी पुन्हा सारखी करू."

"मग माझ्या अंगणाचं काय?"

"अंगण आपण दिलंत, आम्ही आभारी आहोत. पण त्यात एक फरशी कमीच राहील."

शेटजी न जेवता निघून गेले. पोतेही गेले. आचार्य भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी अडवले नाही, समजूतही घातली नाही.

दुपारी सगळे पांगल्यावर बयो आखडलेल्या पायांनी कोठारात आली. कापलेल्या कडेवरून पाटीत चढली. माती उकरली, एकदा स्वतःभोवती फिरली, बसली. मग वर नीट माती लोटली आणि शिष्याकडे न पाहता, ताठ मानेने बाहेर गेली.

शिष्य पाटीपाशी बसला. खापराने घाण काढली आणि तळहाताने माती सारखी केली, अगदी तशीच, जशी कोणी एके काळी त्याच्यासाठी केली होती. त्याचे डोळे भरून आले. पूजेसाठी आणलेला झेंडू त्याने पाटीच्या शेजारी ठेवला. उखडलेल्या फरशीच्या जागी त्याच आठवड्यात कण्हेरीची फांदी लावली गेली.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या जिवाला 'आता याला काही कळत नाही' म्हणण्याआधी, आपण त्याची माती कुठे झाकली आहे ते आधी पाहावे, आणि पहार आणावी.