ओठांपाशी नेलेला प्याला

एकदा एका गुरूंच्या शिष्याने स्वतःचे शरीर भाड्याने द्यायचे ठरवले. नगरातल्या दोन औषधशाळांत नव्या औषधांची परीक्षा चालू होती. औषध घेऊन तीन आठवडे तिथे राहणाऱ्याला मोबदला मिळणार होता. शिष्याला आईसाठी शिवणयंत्र घ्यायचे होते. हाताने टाके घालून घालून बिचारीची बोटे वाकली होती.

"गुरुजी, एक औषधशाळा दुसरीच्या दुप्पट देते. यात निवडायचे ते काय?"

"खरंच की! चल, मीही येतो. या जुन्या मडक्याला काय भाव येतो ते पाहू."

गुरुजींचे डोळे चमकले. शिष्य सावध झाला. मागे ते चमकले होते तेव्हा पाहुण्या पंडितांच्या खडावा छपरावर सापडल्या होत्या.

दुप्पट देणाऱ्या औषधशाळेच्या व्यवस्थापकांनी दोघांना गादीवर बसवले. वय नाही, दुखणे नाही, काहीच विचारले नाही. "या बाबा, इथे अंगठा." गुरुजींनी अंगठा उठवला, औषधाचा प्याला ओठांपाशी नेला आणि खाली ठेवला.

"नको बुवा. जातो घरी."

"असे कसे? अंगठा दिलाय तुम्ही! अरे, दार लावा रे!"

"लावा, लावा. पण मला मळमळतंय हो," असे म्हणत गुरुजी गादीवर ओणवे झाले. व्यवस्थापकांनी स्वतः धावत जाऊन दार उघडले.

दुसरीकडे एक वैद्यबाई होत्या. "आजोबा, वय?"

"पंचवीस," गुरुजी बोळके पसरून म्हणाले.

"मग दात आल्यावर या," त्या हसल्या आणि त्यांनी फक्त शिष्याला तपासले. त्याने प्याला उचलताच गुरुजींनी तो काढून घेतला. "नको. आम्ही निघालो." शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बरं, जा. कारण सांगायलाच हवं असं नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे औषध घेऊन आधीच्या दोघांना चक्कर आली होती. तुम्हाला कोणी सांगितलं का? नाही? मग चूक आमची."

रस्त्यावर येताच शिष्य फणफणला. "दोन्हीकडे माझी शोभा केलीत!"

"अरे, औषध कसे आहे हे त्यांनाही पुरते ठाऊक नाही, म्हणून तर माणसे हवीत. मग तुला-मला काय कळणार? पण नको म्हटल्यावर समोरचा काय करतो, हे अडाण्यालाही तपासता येते. तू धडधाकट असताना ज्याने दार लावायला सांगितले, तो तू विव्हळत असताना तुझे ऐकेल होय?"

"मग मी बाईंकडे जाऊ?"

"तेही मीच सांगू? शरीर तुझे आहे."

शिष्य रात्रभर विचार करत राहिला. निम्म्या पैशांत जुनेच यंत्र येणार होते. सकाळी तो एकटाच वैद्यबाईंकडे गेला. समोर ठेवलेल्या प्याल्याला त्याने हात लावला नाही.

"त्या दोघांना चक्कर कितव्या दिवशी आली?"

बाईंनी वही उघडली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. सांगते."