भोकापलीकडची भोकं

सोंडकिड्यांच्या त्या राज्यात ज्वारी होती आणि अंधार होता. तिसरी वस्तू नव्हती. राज्य म्हणजे वखारीत, खिडकीशी उभं केलेलं एक तागाचं पोतं. माल भरपूर, खाणारे खूश, तक्रारीला जागा नाही.

नियम एकच. धागे सरकून कुठे भोक पडलं, की ज्याला सापडेल त्याने कोंड्याची गोळी करून ते लगेच बुजवायचं. भोकातून जग गळून जातं, हा शाळेतला पहिला धडा. शिकवणारे कोंडोपंत गुरुजी. त्यांनी हयातीत सातशे भोकं बुजवली होती, तीही डोळे मिटून. त्याने गोळी घट्ट बसते, असं ते सांगत.

त्यांच्या वर्गातल्या भिरकीला एके रात्री वरच्या शिवणीजवळ भोक सापडलं. तिने गोळी केली, सोंडेत धरली, आणि डोळे मिटायचे राहिले.

बराच वेळ झाला तरी पोरगी परतेना, म्हणून गुरुजी धापा टाकत वर आले. गोळी तिच्या सोंडेतच होती.

"काय गं, झोप लागली की काय?"

"गुरुजी, भोकापलीकडे भोकं आहेत," भिरकी म्हणाली. "आपल्या पोत्याबाहेर आणखी एक पोतं आहे. काळं, केवढं तरी मोठं! कुणीतरी त्याला भोकं पाडलीत, आणि त्यांच्यामागे उजेड आहे. तिकडे कोण राहतं हो?"

"कुणी नाही. बुजव ते. नाही तर मी बुजवतो, आणि तू उद्यापासून शाळेत येऊ नकोस."

"तुम्हीच बुजवा. पण दाण्यातून आपण बाहेर आलो, ते भोक पाडूनच ना? ते कुणी बुजवलं असतं तर?"

गुरुजींनी गोळी हिसकावली. रागाच्या भरात पुढे झाले आणि तेही डोळे मिटायला विसरले.

खाली पोरं ताटकळली.

"ते डावीकडचं," गुरुजी शेवटी हळूच म्हणाले, "मघाशी या धाग्याला टेकलं होतं. आता पलीकडे गेलं."

"भोक चालतं, गुरुजी?"

"मला काय विचारतेस? मी सातशे बुजवली, त्यातलं एकही चाललं नव्हतं. जा, पोरांना वर बोलव."

तेव्हापासून शाळा शिवणीजवळ भरू लागली. पोरं पिठात ठिपके काढत, दुसऱ्या रात्री ताडून बघत, चुकलेल्यावरून कडाकडा भांडत. भिरकीला तेवढं पुरेना. आठव्या रात्री तिने भोक कुरतडून आपल्या अंगाएवढं केलं. "कुणी पाडलीत ते विचारून येते," म्हणाली आणि खिडकीकडे निघाली. ती परत आली नाही. गुरुजी मात्र दुसऱ्या दिवसापासून आपल्या जुन्या गोळ्या एकेक करून उपसू लागले. जग गळलं नाही.

ज्वारी निम्म्यावर आली, तेव्हाच्या एका पौर्णिमेला खिडकीतून चांदणं पोत्यावर पडलं आणि भोकाभोकांतून आत आलं. ज्वारीच्या वरच्या थरात एक पिल्लू दाणा फोडून नुकतंच बाहेर येत होतं. त्याने वर पाहिलं.

"आजोबा, ती भोकं कुणी पाडली?"

"आधीचीच आहेत. मी बुजवून ठेवली होती," म्हातारे कोंडोपंत म्हणाले. "ते शिवणीजवळचं मोठं दिसतंय ना? ते भिरकीचं."

पिल्लाचे पाय अजून ओलेच होते. त्याने ते एकदा झटकले आणि तागाची भिंत चढायला घेतली.