अंगठ्याची शिळा

साळीआळीच्या तोंडाशी पिंपळाखाली एक काळी शिळा आहे. तिच्या कडेला अंगठाभर खळगा पडलाय. पाहुणा तिथे टेकू लागला की दामूअण्णा साळी हटकतात, "उठा, ती बसायची जागा नव्हे." मग गोष्ट सांगतात.

सुलतानी अमदानीत इराणातून एक चित्रकार इथे आला, म्हणे; नाव यावर, पण सगळे उस्तादच म्हणायचे. इराणी महाकाव्यातले प्रसंग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वीतभर पानावर अख्खं रणांगण मावायचं. साळ्यांची पोरकी येसू त्याने लेक म्हणून वाढवली. याच शिळेवर ती त्याचे रंग वाटायची.

एकदा किल्ल्यावरच्या खानाने चित्राचं पान काढायला सांगितलं : लढाईवरून न परतलेल्या राजाची राणी बागेत वाट बघते आहे. बाग हिरवी हवी, आणि तो हिरवा म्हणजे तांब्याच्या किटाचा जंगाल. जंगाल जहरी, कागदसुद्धा खातो. केशर घातलं तरच निवतो. मागचं पान असंच जळून भोक पडलेलं. खानाने बजावलं होतं, "हेही जळलं, तर उजवा अंगठा तोडीन."

उस्तादाकडे चिमूटभरच केशर उरलं होतं आणि नवं मिळायची आशा नव्हती. नेमकी त्याच सकाळी बाळंतपणाला माहेरी आलेली येसू अडली. सुईण धावत आली. "उस्ताद, पोरीत कळ द्यायला जोर नाही उरला. दुधातून केशर पाजते. तीच म्हणतेय, बाबांकडे आहे."

उस्तादाने अंगठ्याकडे पाहिलं. "एवढं पान होऊ दे," म्हणाला.

सुईण पुन्हा आली तेव्हा केशर जंगालात कालवून झालं होतं. आता ते पाजणं म्हणजे विष पाजणं. दुपारी मूल रडलं. येसू गेली.

पान सुरेख उतरलं. खानाने शेला पाठवला. उस्तादाने तो बाळाला गुंडाळला, शिळेपाशी आला आणि वाचवलेला अंगठा वरवंट्याने ठेचत बसला. लोकांनी ओढून काढेपर्यंत दगडालाही खळगा पडला, असं सांगतात.

आजही आळीतल्या लेकीचे दिवस भरत आले की तिचा बाप त्या खळग्यात केशर उगाळतो.

"केशराने वाचली असती का हो ती?" पाहुणे विचारतात.

"नसती वाचली, असं सुईणच नंतर म्हणाली होती, म्हणे," दामूअण्णा सांगतात. "पण लेकीनं मागितलं होतं ना."