सीटवरचं प्लास्टिक

“...म्हणजे परवडते की नाही, एवढंच सांगा, वस्ताद. एका शब्दात.”

ज्ञानू वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्यात वाकून ते लाल मातीची ढेकळं फोडत होते.

“उतर खाली,” ते म्हणाले.

सर्जेराव चौगुल्यानं आपल्या पँटकडे पाहिलं. कालच इस्त्री करून आलेली होती. पण वस्तादांच्या तालमीचा रिवाज त्याला ठाऊक होता. हौद्याच्या काठावर उभं राहून वस्तादांना काही विचारायचं नाही. विचारायचं असेल तर आत उतरायचं, फावडं हातात घ्यायचं आणि माती खालीवर करत विचारायचं. दमलेला माणूस कमी बोलतो आणि खरं बोलतो, असा वस्तादांचा अनुभव होता.

सर्जेरावानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो उतरला.

तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात तो याच वस्तादांचा पठ्ठा होता. आता तंत्रनिकेतनात गणित शिकवत होता. तालमीत असतानाही त्याचं गणित पक्कं होतं. दोन हजार बैठका मारायचा आणि मोजणीत एकीचीही चूक व्हायची नाही. जत्रेतली कुस्ती मात्र त्यानं एकही केली नाही. कधी समोरचा दोन किलोनं जड असायचा, कधी कुस्त्यांची वेळ गैरसोयीची असायची. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं, आणि ते काय होतं हे सर्जेराव अगदी मुद्देसूद पटवून द्यायचा.

वस्ताद म्हातारे झाले तसे भोगावतीकाठच्या आपल्या गावी परतले आणि इथली तालीम बघू लागले. बत्तीस किलोमीटर. आज रविवारी सकाळी सर्जेराव तेवढं अंतर तोडून आला होता, ते आपल्या छोट्या विजेच्या गाडीतून.

“हं. आता इचार,” वस्ताद म्हणाले.

“आठ महिने झाले गाडी घेऊन. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलवाल्या गाडीपेक्षा तीन-साडेतीन लाख जास्त गेले. मेहुणा चार माणसांत हसतो. म्हणतो, दाजींनी खेळणं घेतलं.”

“मग?”

“खेळणं नाही ते. मी पूर्ण गणित मांडलंय. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर पळाली तर सहाव्या वर्षी जास्तीचे पैसे वसूल. त्यापुढं नुसता फायदा.”

“आन् न्हाई पळाली तर?”

“तर मेहुणा खरा.”

फावडं मातीत रुतलं. सर्जेरावाला धाप लागू लागली होती.

“पळतीया का मग?”

“पळवतो.” आवाजात जरा अभिमान होता. “रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो.”

“पन्हाळ्याला काय काम असतंय?”

“काम काही नाही. चाळीस किलोमीटर होतात.”

वस्तादांनी हातातलं ढेकूळ खाली ठेवलं.

“एकटाच जातोस?”

“एकट्यानं चालवली तर जास्त जाते. वजन वाढलं की चार्जिंग लवकर उतरतं.”

“हौसाक्काचं वजन किती असंल?”

हौसाक्का म्हणजे सर्जेरावाची आई. हा प्रश्न कुठून आला ते त्याला कळेना.

“असेल पंचेचाळीस. का?”

“आन् तुजं?”

“...ब्याण्णव.”

वस्ताद गालातल्या गालात हसले आणि पुन्हा ढेकळं फोडू लागले. सर्जेरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढा मोठा माणूस झाला, वर्गात सत्तर पोरांना गप्प बसवतो, पण वस्ताद हसले की त्याचं पुन्हा सतरा वर्षांचं पोरगं होत असे.

“बरी हाय का हौसाक्का?”

“गुडघे गेलेत. घरातच असते.”

“पयल्यांदा तर कुठंकुठं जायची की. परवाच्या साली हिकडं जत्रंला आल्ती.”

“तेव्हा रिक्षानं जायची. आमच्या गल्लीतला रिक्षावाला ठरलेला होता. हाक मारली की दारात.”

“मग त्यो मेला काय?”

“नाही... मीच बंद केली. गाडी घरात असताना रिक्षा कशाला?”

बोलून गेल्यावर सर्जेराव थांबला. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मातीत ताक शिंपडायची चरवी त्यांनी जवळ ओढली आणि अंदाजानं थोडंथोडं शिंपडायला सुरुवात केली. आंबूस वास उठला.

“किती बस्त्यात त्या गाडीत?”

“चार.”

“बस्त्यात?”

“...बसू शकतात.”

वस्ताद गप्प. सर्जेरावाला हे गप्प राहणं लहानपणापासून सोसत नसे. रागावलेले वस्ताद परवडले, गप्प वस्ताद नकोत.

“तसं नाही वस्ताद, आमच्या पेठेत गाडी काढणं म्हणजे दिव्य. बोळ एवढा अरुंद, आरसे मिटून घ्यावे लागतात. खिडकीतून वायर सोडून दारातच चार्ज करतो. दहा मिनिटं गाडी हलवली की तिथं कुणीतरी मोटारसायकल लावतं. मग जवळच्या जवळ कुठं जायचं तर ते...” तो अडखळला. “दोन किलोमीटरसाठी एवढी उठाठेव. त्या दोन किलोमीटरनं काय भर पडणार?”

“दोन किलोमीटरवर कोन हाय?”

सर्जेरावाचं फावडं थांबलं.

“गौराक्का,” तो म्हणाला.

“म्हसरंवाली?”

“हो. तीन महिने अंथरुणाला खिळल्यात. आई म्हणते, एकदा भेटवून आण. आज सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला होता. कालपासून पाणीसुद्धा घेत नाहीत म्हणाली. सारखं हौसाचं नाव काढतात.”

“आन् तू हिकडं आलास.”

“इथं यायचं आधीच ठरलेलं होतं, वस्ताद. आईला सांगून आलोय, संध्याकाळी नेतो म्हणून. आधी पण नेणार होतो. गेल्या रविवारी... त्याच्या आदल्या रविवारी...”



वस्ताद हौद्याच्या काठावर टेकले. पायाची माती बोटानं खरवडत बोलू लागले, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल.

“गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हसरं घिऊन उभी ऱ्हायची गौरा. तुजी आई पाटंचं चरवी घिऊन यायची. गौरा समूर धार काढायची आन् चरवी भरली की हौसाक्का जी निघायची, ती तालमीच्या दारात येऊन थांबायची. बायामान्सानं तालमीत यायचं न्हाई, म्हणून भाईरनंच हाक मारायची. दुधावरला फेस बसला न्हाई पायजे, फेस बसला की दुधातली ताकद जाती, असं कुणीतरी डोस्क्यात भरवलं हुतं तिच्या.”

सर्जेरावाला ती हाक ऐकू आली. अनवाणी पाय, ओला पदर, धाप लागलेली आई. चरवी तोंडाला लावली की नाकाला फेस लागायचा. आपण तो पुसायचो आणि पुन्हा बैठकांकडे वळायचो; आकडा विसरू नये म्हणून आईशी एक शब्दही बोलायचो नाही. हे त्याला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. आता आठवलं आणि लाज वाटली. सरळ लाज वाटली.

“पळायची का हो ती?” त्यानं हळूच विचारलं.

“चालत आली असती तर फेस टिकला असता व्हय?”

...

थोड्या वेळानं वस्ताद उठले. जाताजाता हौद्यातली मूठभर माती त्यांनी उचलली.

“चल. बघू तुजी गाडी.”

गाडी बाहेर बाभळीच्या सावलीत उभी होती. वस्तादांनी एक फेरी मारली.

“म्हंजी ही व्हय? म्या मगाशी दारातनं बघितली. म्हटलं, कुणाचं तरी कपाट उतरवून ठेवलंय.”

एरवी सर्जेरावानं गाडीची लांबी, बॅटरीची ताकद, सगळं सांगितलं असतं. आज त्यानं मुकाट्यानं दार उघडलं.

चालवणाऱ्याच्या सीटवरचं कापड आठ महिन्यांत थोडं मऊ पडलं होतं. बाकीच्या तिन्ही जागांवर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं.

वस्तादांनी त्यावर बोट टेकवलं. चरचर आवाज झाला.

“ह्ये काय?”

“मळू नये म्हणून. पुढंमागं विकायची झालीच, तर...” सर्जेरावानं वाक्य सोडून दिलं.

वस्तादांनी एका हातानं पुढच्या सीटवरचं प्लास्टिक धरलं आणि ओढलं. ते टरटर फाटत निघालं. मग मुठीतली माती त्यांनी सीटच्या पाठीवर टाकली आणि तळव्यानं चोळली, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

जत्रेच्या फडात पठ्ठ्याला सोडण्याआधी वस्ताद त्याच्या पाठीला अशीच माती चोळायचे. बरोबरच्या सगळ्या पोरांच्या पाठीला ती कधी ना कधी लागली होती. त्याच्या पाठीला एकदाही नाही.

राखाडी कापडावर लाल डाग पसरला. सर्जेरावानं तो पुसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला.

“आई... लुगडं बदलून बस. येतोय मी. नाही, संध्याकाळी नाही, आत्ता. गौराक्काकडं जायचंय.”

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, जपून, भीतभीत.

“आत्ता म्हंतोस? पर... एवढ्या लांबनं यायलास. गाडीला पुरंल न्हवं रं चार्जिंग? न्हाई तर ऱ्हाऊ दे. तुजा खोळंबा नको.”

सर्जेरावानं उघड्या दारातून आत डोकावलं. गाडीच्या पडद्यावरचा आकडा त्याला दिसत होता. एकशे बारा किलोमीटर शिल्लक.

“पुरतंय, आई,” तो म्हणाला. “भरपूर पुरतंय.”

फोन ठेवून तो बूट आणायला वळला, मग तसाच परत आला आणि मातीच्या पायांनी गाडीत बसला. घड्याळात सव्वानऊ झाले होते. पोचायला पाऊण तास. गौराक्का तेवढा वेळ थांबेल का, हे त्याच्या कुठल्याच गणितात बसत नव्हतं.

गाडी सुरू झाली, पण तिला आवाज नव्हता. वस्ताद खिडकीशी वाकले.

“वस्ताद,” सर्जेरावानं विचारलं. तोंडातून प्रश्न जुनाच निघाला, पण त्यातली ऐट गेली होती. “मेहुण्याला काय सांगू?”

वस्तादांनी हाताची उरलेली माती धोतराला पुसली.

“मेव्हण्याचं ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “गौरा शुद्धीत असली तर इचारंल, सर्जा, गाडी कवा घेतलीस रं...”

सर्जेरावानं पट्टा ओढून घेतला.

“तर आज घेतली म्हणून सांग.”