न वाळलेलं धोतर

फार फार वर्षं झाली. आमच्या आवळदऱ्याच्या ओढ्याला तेव्हा बारा महिने पाणी असायचं, म्हणजे किती वर्षं झाली ते तुम्हीच ओळखा. त्या ओढ्यावर येसू परटीण अख्ख्या गावाचे कपडे धुवायची. घरोघरचं कापड ओळखू यावं म्हणून कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसानं खूण करायची, कुणाला दोन ठिपके, कुणाला फुली. असं म्हणतात, की डोळे मिटून कापड हातात घेतलं तरी ते कुणाचं, आणि ते अंगावर असताना माणूस हसला होता की रडला होता, हे ती सांगायची. हसू नका, पुढं ऐका.

हे कसब तिला फुकट मिळालं नव्हतं बरं. तिची धाकटी बहीण मैना याच गावात दिली होती. एका वर्षी मैनेच्या घरचं बोचकं हलकं व्हायला लागलं. आधी सणाची लुगडी यायची थांबली, मग रोजचीही कमी झाली. येसूला वाटलं, बरं झालं बाई, तेवढाच पाठीला आराम. आणि दिवाळीच्या तोंडावर मैनेनं आपला जीव दिला. येसू तीन दिवस ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. "बोचकं हलकं झालं तवा मी खूश झाले गं, मैने," एवढं एकच वाक्य ती बोलत होती. असं म्हणतात, ते तीन दिवस ओढा वाहायचा थांबला होता.

त्यानंतर ती प्रत्येक बोचकं उचलताना क्षणभर थांबायला लागली.

पुढं चार-पाच वर्षांनी रंगोबा शिंप्याची गोष्ट घडली. रंगोबा म्हणजे गावाचा हसरा माणूस. तांबडा पटका बांधून चावडीवर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. दसऱ्यानंतर त्याचा पटका धुवायला येईना. येसूनं ओळखलं, हा चावडीवर जात नाही. संक्रांतीला आठवड्याचं धोतर पंधरा दिवसांनी आलं. शिमग्याला आलं, तेव्हा त्यावर एकाच कुशीच्या सुरकुत्या होत्या. म्हणजे माणूस दिवसच्या दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेला. सदऱ्याच्या बाहीला सुताचा एक धागाही चिकटलेला नव्हता. शिंप्याच्या बाहीला धागा नाही, कळलं का तुम्हाला?

तिनं रंगोबाच्या बायकोला, अनसाला, विचारलं. अनसा वैतागून म्हणाली, "आळस भरलाय अंगात, दुसरं काय! खायला घाला नि पडू द्या." गावही तेच म्हणत होतं. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे सोंग करतो. रोज थोडं थोडं बुडणारं माणूस रोज बघणाऱ्याला दिसत नाही, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

मग चैत्रात एका सकाळी रंगोबा स्वतःच ओढ्यावर आला. घरातलं आपलं होतं नव्हतं ते सगळं कापड घेऊन आला, तांबडा पटकासुद्धा. म्हणाला, "आक्का, सगळं स्वच्छ धुऊन अनसाजवळ दे. आता पुन्हा तरास न्हाई द्यायचा तुला." आणि कितीतरी महिन्यांनी तो शांत हसला. ते हसू बघून येसूला मैना आठवली.

तिनं बाकीचं बोचकं तिथंच सोडलं, नुसतं धोतर पाण्यात बुडवलं आणि न पिळताच उचललं. ते ओलंच खांद्यावर टाकून ती रंगोबाच्या मागोमाग गेली आणि त्याच्या उंबऱ्यावर बसली. "हे वाळलं की तुझ्या हातात देऊन जाईन," म्हणाली. "तवर तू कुटं जायाचं न्हाईस." अनसाला तिनं जवळ बसवलं आणि मैनेची सगळी गोष्ट सांगितली. अनसा पदरात तोंड घालून रडली आणि मग तीही तिथून हलली नाही. दोघी आळीपाळीनं जाग्या राहिल्या.

आता ऐका. ऊन असं की दगड तडकावेत. पण ते धोतर वाळेना! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकवीस दिवस वाळलं नाही, असं म्हणतात. लांबलांबची माणसं हात लावून बघून जायची. कुणी म्हणतं, ती गुपचूप पाणी शिंपडायची. शिंपडत असेल. तुम्ही एकवीस दिवस कुणाच्या उंबऱ्यावर बसून दाखवा, मग बोला.

पहिले आठ दिवस रंगोबा भिंतीकडंच वळून होता. नवव्या दिवशी आतून आवाज आला, "आक्का, वाळलं का गं?"

"न्हाई अजून."

मग तो रोज विचारायला लागला. मग उंबऱ्याशी येऊन बसायला लागला. एकविसाव्या दिवशी म्हणाला, "आक्का, सकाळ झाली की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हतं. दसऱ्यापास्नं व्हतंय. कुणाला सांगू?" येसू म्हणाली, "मला सांगितलंस की." त्या दिवशी धोतर वाळलं. दोघी त्याला पल्याडच्या गावच्या वैद्याकडं घेऊन गेल्या. तो लगेच बरा झाला असं कुणी म्हणत नाही, वर्ष लागलं. पण पुढच्या दसऱ्याला तांबडा पटका चावडीवर दिसला आणि येसू भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडली.

येसू गेली, ओढाही आटला. पण आवळदऱ्यात आजही उजाडलं की दाराशी एक फडकं वाळत घालतात. ज्या दाराशी ते दिसत नाही, तिथं शेजारीण ओलं कापड घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसते. काय झालं म्हणून विचारत नाही, शहाणपण शिकवत नाही, नुसती बसते.

गेल्या साली माझ्या दाराशी फडकं नव्हतं. मालक जाऊन सहा महिने झाले होते. शेजारची सुमन येऊन बसली. तीन दिवस मी तिच्याकडं पाठ करून पडले होते. चौथ्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं, "सुमन, वाळलं का गं?"

ती म्हणाली, "नाही अजून, काकू."